देश कमी करा, मुक्काम वाढवा

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: मी अमळनेरची. वय ३६. जळगावच्या एका पतसंस्थेत तेरा वर्षांपासून नोकरी करते आणि रोज रेल्वेने अप-डाऊन करते. लग्न केलेले नाही. वडील नाहीत, घरी आई आणि मी, धाकटा भाऊ नाशिकला. गाडीत, फलाटावर, बोरीच्या पात्रातील सखाराम महाराजांच्या यात्रेत मी चित्रे काढते. सहा वर्षांपूर्वी कॅमेराही घेतला. साठवलेले नऊ लाख रुपये आहेत. राजीनामा देऊन अकरा महिने एकटीने परदेशात हिंडावे आणि वाटेत चित्रे, छायाचित्रे करावीत, असे ठरवते आहे. चौदा देशांची यादी सोबत जोडली आहे. त्यांतील शेवटचे पाच महिने युरोपातील सहा देशांसाठी आहेत. अडचणी तीन. कॅमेरा हातात आला की वही पिशवीतून निघतच नाही. एकटेपणा झेपेल की नाही, ते कळत नाही. आणि आई एकच वाक्य धरून बसली आहे: "एकली पोर परदेसमा कशी ऱ्हाशी? लोके काय म्हंतीन?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबतची यादी त्याहून अधिक वेळा वाचली. आधी हे स्पष्ट सांगते की तुम्ही जावे, असेच माझे मत आहे. दिवसभर आकड्यांचे काम करून परतीच्या डब्यातल्या गर्दीत जी बाई गुडघ्यावर वही टेकवून समोरच्या प्रवाशाचे चित्र काढते, तिची ओढ खरी आहे का, हे विचारण्याचे कारण उरत नाही. माझा आक्षेप आहे तो यादीला. अकरा महिन्यांत चौदा देश म्हणजे एका देशाच्या वाट्याला सरासरी चोवीस दिवस आले; त्यांतून प्रवासाचे, खोली शोधण्याचे, कपडे धुण्याचे, पोट बिघडल्यामुळे पडून राहण्याचे दिवस वजा केले, तर निवांत बसून चित्र काढायला प्रत्येक देशात आठ-दहा दिवससुद्धा हाती लागणार नाहीत. तुम्हाला जे करायचे आहे त्यासाठी बसावे लागते, आणि ही यादी तुम्हाला बसू देणार नाही.

त्यातही युरोपचा भाग कायद्यानेच अडणारा आहे. तुम्ही लिहिलेले फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल, ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक हे सहाही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, आणि त्या संपूर्ण क्षेत्रात मिळून पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. म्हणजे पाच महिन्यांचा बेत पहिल्याच पायरीवर तीन महिन्यांचा होतो. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो आणि तो साधारणपणे आपण जिथे कायमचे राहतो त्या देशातूनच करावा लागतो. तुम्ही युरोपला सातव्या महिन्यात पोहोचणार असे लिहिले आहे. तेव्हा निघण्यापूर्वी तो व्हिसा हातात घेणे तुम्हाला शक्य होणार नाही, आणि यादीतल्या व्हिएतनाममध्ये पर्यटक म्हणून राहत असताना तिथून अर्ज करायला गेलात तर बहुधा माघारी पाठवतील. अर्जासोबत नोकरीचा आणि उत्पन्नाचा पुरावा मागतात, हेही ध्यानात घ्या. राजीनामा दिलेल्या, अविवाहित, एकट्या प्रवासिनीचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ही बाई परत येईल असे कागदावरून पटावे लागते, आणि मंजूर रजेचे पत्र जेवढे पटवते तेवढे राजीनाम्याचे पत्र पटवत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की राजीनामा देऊ नका. संस्थेकडे बिनपगारी दीर्घ रजा मागा, आणि ती अकरा महिन्यांची मिळत नसेल तर दोन तुकड्यांत मागा. तेरा वर्षांच्या नोकरीनंतर निदान विचारण्याचा अधिकार तुम्हाला नक्कीच आहे. प्रवासाचेही तसेच दोन भाग करा. पहिल्या भागात नेपाळ आणि व्हिएतनाम, एवढेच. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळू लागला आहे. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा तपासा. अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट शुल्क उकळणारी खासगी संकेतस्थळे शोधात अनेकदा वरती दिसतात, तेव्हा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. व्हिएतनामहून घरी या. दोन महिने घरी राहा, वह्या लावा, आईंच्या हातचे खा, मुंबईला जाऊन शेंगेनचा अर्ज करा, आणि मग दुसऱ्या भागात युरोपातील दोनच देश निवडून ८० दिवस राहा. ९० पैकी दहा दिवस हाताशी ठेवायचे ते आजारपणासाठी किंवा रद्द झालेल्या विमानासाठी. चौदापैकी दहा देश सुटले, याची हळहळ तुम्हाला वाटेल; मला माझ्या वेळी फार वाटली होती.

मी स्वतः धुळ्याच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षे चित्रकला शिकवली आणि ५१ व्या वर्षी प्रथम एकटी परदेशी गेले, साडेचार महिन्यांसाठी. पहिले पाच आठवडे मीही तुमच्यासारख्याच यादीमागे धावले. त्या पाच आठवड्यांतील एकही चित्र आज भिंतीवर लावावे असे नाही. नंतर व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदराच्या गावी ताप आला आणि नाइलाजाने मुक्काम लांबला. बाजारात सकाळी खांद्यावर कावड घेऊन भाजी आणणारी एक म्हातारी बसत असे. पहिल्या दिवशी मी तिची साठ-सत्तर छायाचित्रे घेतली. दुसऱ्या दिवशी उभे राहवेना म्हणून समोरच्या पायरीवर बसले आणि वही काढली. अर्धा तास गेला असेल. म्हातारीने आपल्या शेजारचे एक बुटके प्लास्टिकचे स्टूल माझ्याकडे सरकवले आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली. त्या स्टुलावर मी दोन तास बसले, आणि तेव्हा कुठे मला दिसले की तिच्या कावडीचा बांबू गोल नाही. तो उभा चिरलेला, चपटा आणि आतून घासून गुळगुळीत केलेला आहे, आणि खांद्यावर घेतला की दोन्ही टोकांना हलके लवतो. लहानपणी आमच्या गल्लीत येणाऱ्या कावडीचा बांबू गोल होता. त्या साठ-सत्तर छायाचित्रांतही बांबू चपटाच होता, पण ते मला चित्र काढेपर्यंत कळले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा स्टूल आधीच मांडून ठेवलेले होते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या स्टुलावर मिळाले. तेव्हापासून माझा नेम असा की नव्या जागी पहिल्या दिवशी कॅमेरा खोलीवरच ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून तो सोबत घ्यायचा, पण चित्र पुरे झाल्याखेरीज पिशवीची चेन उघडायची नाही. चित्र काढताना डोळ्यांना जे सापडते, नेमके त्याचेच छायाचित्र मग घ्यायचे: बांबूची चीर, टोपलीची वीण, म्हातारीच्या अंगठ्याचे नख. अशी आठ छायाचित्रे पुरतात. याला एकच अपवाद करा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो; दोन तासांच्या बैठकीत सावल्या जागा सोडतात आणि नवशिक्याचे चित्र दोन वेगवेगळ्या वेळांच्या सावल्यांनी बिघडते. म्हणून बसल्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने सावल्यांच्या कडा आखून घ्या, आणि तेवढे जमत नसेल तर सुरुवातीला फोनवर सावल्यांपुरते एक छायाचित्र घेऊन फोन ठेवून द्या. रात्री खोलीवर बसून छायाचित्रावरून चित्र काढण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. ते काम तुम्ही अमळनेरलाही करू शकाल.

सामानाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात तुम्ही तीन लेन्स नेणार असे लिहिले आहे, म्हणून राहवत नाही. एक कॅमेरा आणि एकच लेन्स न्या, तीही माणसाच्या नजरेच्या जवळची, साधारण ३५ मिलिमीटरची. झूम नसली की आपण पायांनी जवळ जातो, आणि जवळ गेलो की बोलावे लागते. रंगांची लहान वड्यांची पेटी, पाणी भरता येणारा एक ब्रश, पाण्याने न फुटणाऱ्या शाईचे पेन, कागद दाबायला दोन चिमटे आणि जाड, ३०० जीएसएम कागदाची हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी वही, एवढे सामान पुरेसे आहे. वह्या तिथेही मिळतात, पण आपल्या रंगांना ओळखीचा कागद निदान दोन वह्यांपुरता घरून न्या. हवामानाचा फरक तुम्हाला चकवेल. आपल्याकडे वैशाखात पारा ४४ वर गेला की रंग कागदाला टेकताक्षणीच वाळतो, आणि त्यामुळे खान्देशात शिकलेल्या हाताला घाईने रंग लावण्याची सवय असते. व्हिएतनामच्या दमट हवेत तोच रंग दहा-दहा मिनिटे ओला राहतो. त्यावर दुसरा थर दिला की चिखल होतो. तिथे एका वेळी दोन पानांवर काम करा: एक वाळेपर्यंत दुसरे. त्याच दमटपणामुळे लेन्सच्या आत बुरशी धरते. तेव्हा कॅमेऱ्याच्या पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा लगेच काढू नका. काच धुरकटते आणि ती स्वच्छ करण्याच्या नादात ओरखडे पडतात. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच लागतात, पेन्सिलीला टोक काढायचे पाते मात्र मोठ्या बॅगेत. कॅमेरा महाग असेल तर निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना तो परदेशात विकत घेतला का, असा वाद उद्भवणार नाही. ड्रोन नेण्याचा विचार यादीत कोपऱ्यात लिहिलेला दिसला. तो सोडून द्या. अनेक देशांत त्याला परवानगी लागते आणि मोरोक्कोसारख्या देशात तो विमानतळावरच काढून घेतात.

आता जी गोष्ट सर्वांत कळकळीने सांगायची आहे तिच्याकडे येते, आणि तिच्यासाठी आपल्याच भागातील एका माणसाची आठवण काढते. रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमला गेला आणि दोन दशकांहून अधिक काळ तो त्याच डोंगरांत राहिला. मोठमोठ्या कॅनव्हासवर केलेल्या त्याच्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीत लागल्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक साऱ्या जळाल्या. पुढे १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी तेच काम पुन्हा हाती घेतले, आणि त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमधील साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. एवढ्या माणसांच्या एवढ्या वर्षांच्या श्रमांवर दोन वेळा तोच घाला पडला, कारण दोन्ही वेळा काम एका छपराखाली ठेवलेले होते. गिलने कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याने काढलेली अजिंठ्याची छायाचित्रे मात्र आजही पाहायला मिळतात, कारण छायाचित्राच्या अनेक प्रती निघतात आणि त्या वेगवेगळ्या घरांत जातात. १८७९ मध्ये तो गेला. त्याची कबर भुसावळला आहे. तुमच्या रोजच्या गाडीने जळगाव सोडून थोडे पुढे गेले की झाले.

हे मला ठाऊक असूनही मी तीच चूक केली. साडेचार महिन्यांपैकी एकोणीस दिवसांची छायाचित्रे ज्या कार्डावर होती ते कार्ड, आणि त्यांची दुसरी प्रत ज्या हार्ड डिस्कवर होती ती डिस्क, दोन्ही मी एकाच पिशवीत ठेवली, आणि ती पिशवी रात्रीच्या बसमध्ये राहिली. पुन्हा मिळाली नाही. त्यामुळे तुम्ही रोज रात्री, थकला असलात तरी, वहीचे त्या दिवशीचे पान खिडकीच्या उजेडासारख्या सपाट प्रकाशात फोनवर टिपा, कॅमेऱ्यातील निवडक छायाचित्रे फोनवर घ्या आणि ती इंटरनेटवरील साठवणीत चढवा. एक प्रत अंगावरच्या पाऊचमध्ये, एक मोठ्या बॅगेत, एक घरापर्यंत पोहोचलेली. पाण्यात भिजलेली वही वाचत नाही, पण तिची घरी पोहोचलेली प्रत वाचते. वही भरली की ती सोबत वागवू नका. नोंदणीकृत टपालाने आईंच्या नावावर अमळनेरला पाठवा.

माणसांची चित्रे काढण्याबद्दल थोडे लिहिते. छायाचित्र विचारून घ्यावे, हे तुम्हाला सांगायला नको. पण चित्र काढतानाही एकदा नजरेने परवानगी घ्यावी आणि झाल्यावर वही त्या माणसापुढे धरावी, असे मला वाटते. लाओसमध्ये लुआंग प्रबांग येथे पहाटे भिक्षू भिक्षेला निघतात तेव्हा परदेशी पाहुणे त्यांच्या तोंडाशी फ्लॅश उडवतात. आपल्या दिंडीत कोणी तसे केले तर आपल्याला कसे वाटेल, याचा विचार करून दूर उभे राहावे. जपानमधील क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांतून छायाचित्रे घेण्यास बंदी आहे आणि दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावलेल्या आहेत. विमानतळ, लष्करी ठाणी, सीमेवरचे पूल यांच्या आसपास वहीसुद्धा उघडू नका. आणि रस्त्यावर बसून चित्रे विकण्याचा मोह झाला तर तो आवरा, कारण पर्यटक व्हिसावर कमाई करणे बहुतेक देशांत नियमबाह्य ठरते.

दुसरा प्रश्न एकटेपणाचा. तो येतो, येणार नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. माझा अनुभव असा की तो दिवसा येत नाही. काम संपल्यानंतर आणि जेवणापूर्वी, दिवेलागणीच्या सुमारास येतो, जेव्हा आपल्याकडे अंगणात पाणी मारलेले असते, शेजारणी ओट्यावर येतात आणि कोणीतरी सहज विचारते की आज काय केले. त्या दोन तासांची व्यवस्था आधीच करून ठेवा. मी त्या वेळी दिवसाची नोंद लिहीत असे, मराठीतच, वहीच्या डाव्या पानावर: काय खाल्ले, कोण भेटले, रंग का बिघडला. आज त्या नोंदी मला चित्रांपेक्षाही प्रिय आहेत. दुसरा उपाय म्हणजे चित्रकारांची संगत. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिएटलमधील वृत्तपत्र चित्रकाराने २००७ मध्ये 'अर्बन स्केचर्स' हा उपक्रम सुरू केला, आणि आज जगभरातील शेकडो शहरांत त्याच्या शाखा आहेत. ही माणसे ठरावीक दिवशी एखाद्या चौकात, बाजारात, स्थानकावर जमतात, प्रत्यक्ष समोर दिसते ते काढतात आणि शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर मांडून बघतात. त्यांच्यात बसायला भाषा लागत नाही, आणि एकट्या बाईला अनोळखी शहरात भरदिवसा, उघड्यावर, सज्जन माणसांची ओळख व्हायला याहून बरी जागा मला सापडलेली नाही.

सुरक्षिततेचे नियम तुम्हाला ठाऊक असणार, तेव्हा चार गोष्टी झटपट सांगते. नव्या गावी उजेडात पोहोचा, आणि पहिल्या तीन रात्रींची खोली आधी ठरवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक हवी; तो हरवला तर आपला दूतावास मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, म्हणून त्याच्या छायाप्रती वेगळ्या ठेवा. शेंगेनसाठी निदान ३० हजार युरोंचा प्रवास विमा बंधनकारक आहे. नेपाळ-व्हिएतनामसाठी कोणी मागितला नाही तरी घ्या. भारतातील सिम बंद करू नका, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, आणि कार्डाचा परदेशातील वापर निघण्यापूर्वी चालू करून घ्या. हे तुम्ही रोज खातेदारांना सांगत असाल, तरी स्वतःच्या बाबतीत विसरायला होते. आणि नऊ लाखांतील दोन लाखांना हात लावू नका. ते परतल्यानंतरच्या दिवसांसाठी आहेत, आणि ते खात्यावर आहेत हे माहीत असलेली बाई परदेशात स्वस्ताईसाठी नको त्या खोलीत राहत नाही.

आता आई. त्यांच्या वाक्याचे दोन भाग आहेत आणि तुम्ही पत्रात दुसऱ्याच भागाशी भांडता आहात. लोक काय म्हणतील, याला उत्तर देत बसू नका. लोक चार दिवस म्हणतात आणि नंतर चित्रे बघायला येतात. पहिला भाग मात्र खरा प्रश्न आहे. एकटी कशी राहशील, असे त्या विचारत आहेत, आणि त्यांना त्याचे उत्तर हवे आहे. तुम्ही त्यांना आजवर देशांची नावे सांगितलीत. कुठल्या गावी, किती दिवस, कोणत्या खोलीत, सकाळी काय खाणार आणि रात्री किती वाजता फोन करणार, हे सांगितले नसावे. ते कागदावर लिहून द्या आणि ती प्रत भावाकडेही ठेवा. मी दोन तुकड्यांचा आग्रह धरते आहे तो निव्वळ व्हिसासाठी धरलेला नाही. आपल्याकडे घराबाहेर पडताना कोणी 'जास' म्हणत नाही, 'येस' म्हणतात, आणि अकरा महिन्यांच्या 'येस'वर सत्तरीकडे झुकलेल्या आईने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा जड आहे. साडेतीन महिन्यांनी तुम्ही खरोखर दारात उभ्या राहिलात की दुसऱ्या वेळी त्यांचा सूर वेगळा असेल. शक्य झाले तर नेपाळचे पहिले आठ दिवस त्यांनाच सोबत न्या. पशुपतिनाथाचे दर्शन होईल, आणि आपली मुलगी परक्या गावी रिक्षाचे भाडे कसे ठरवते, अनोळखी माणसाशी कसे बोलते, कुठे बसून चित्र काढते, हे त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. भाऊ त्यांना न्यायला येईल आणि तुम्ही पुढे जाल.

एक शंका तुम्ही पत्राच्या शेवटी, खोडून पुन्हा लिहिली आहे: आपण खान्देशातल्या, आपल्याला कलेतले कोण विचारतो, आणि बाहेर गेल्याशिवाय चांगले काम होते का. चाळीसगावचे केकी मूस इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतले आणि नंतर जवळजवळ अर्धशतक आपल्या घराबाहेर न पडल्यासारखे राहिले. टेबलावर चार वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून केलेली त्यांची छायाचित्रे जगाने वाखाणली. तुमच्या गावाहून ते घर काही तासांच्या अंतरावर आहे आणि त्यांचा संग्रह तिथे जपलेला आहे. अजून पाहिले नसेल तर निघण्यापूर्वी पाहा. एकाच टेबलाकडे इतकी वर्षे पाहत राहणारा माणूस तुमच्याच जिल्ह्यात होऊन गेला, हे ठाऊक असलेली बाई व्हिएतनाममधील एका बाजारात तीन आठवडे बसायला कचरणार नाही.

तिकिटे काढण्यापूर्वी एक चाचणी करा. सलग पाच दिवसांची रजा घ्या आणि अजिंठ्याला एकट्या जा. जळगावहून ते साठेक किलोमीटर आहे. मुक्काम पायथ्याजवळच्या गावात करा, रोज घरी परतू नका. पहिल्या दिवशी कॅमेरा खोलीवर ठेवून समोरच्या टेकडीवरील कठड्यापाशी बसा, जिथून वाघुर नदीचे घोड्याच्या नालेसारखे वळण आणि कड्यात कोरलेली लेण्यांची अख्खी रांग एका नजरेत दिसते, आणि तेच दृश्य पाच दिवस, पाच वेगवेगळ्या वेळी काढा. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. तो आल्यावर तुम्ही काय करता, ते मला लिहून कळवा. चौथ्या संध्याकाळी घरची आठवण येईल, तीही कशी आली ते कळवा. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारी सकाळी पोहोचाल अशा बेताने निघा, आणि डब्यात कळण्याची भाकरी न्या. वर खायला फारसे काही मिळत नाही.